बाबांच्या चेहऱ्याचे दोन फोटो

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी. नागपूरजवळ वाडीला खोली घेऊन राहायचो आणि शहरात कारकुनी करायचो. बाबा उमरेडला हातमागावर लुगडी विणत. कुणाचाही सरकारी कागद आला की ते म्हणत, "आमच्या बी.ए.ले दाखवा." मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी बाबांचा डावा गाल जड झाला. डाव्या नाकपुडीत घाण वास यायचा, आणि तो फक्त त्यांनाच यायचा. नाकाच्या डॉक्टरांनी चेहऱ्याचा मोठा एक्स-रे काढला. गालामागच्या पोकळीत पू आहे म्हणाले, दोनदा धुऊन काढला. महिन्याभरात पुन्हा तेच. मग म्हणाले, दातांच्या डॉक्टरांकडे जा.

"नाकासाठी दात काहून?" बाबांनी विचारलं.

"असते तसं," मी म्हणालो. मला काही माहीत नव्हतं.

दातांच्या डॉक्टरांनी एक लहानशी फिल्म तोंडात ठेवली. ती बाबांनीच अंगठ्यानं दाबून धरली. फिल्म धुऊन डॉक्टरांनी ती उजेडात धरली. वरच्या एका दाढेचं मूळ त्या पोकळीच्या तळाला टेकलं होतं. "दाढ आतून मेली आहे. दुखत नाही, पण घाण वर जाते. काढावी लागेल. काढताना पोकळीत भोक पडू शकतं. टाके घालीन, बहुतेक भरून येतं."

"अन् नाही भरलं तं?"

"पाणी प्याल ते नाकातून येईल. तोंडानं काही ओढता येणार नाही."

आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी बसवली की तिच्या धाग्याचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडानं ओढून काढावं लागतं. दिवसभर तेच. ते जमलं नाही तर बाबांचा माग बंद.

विचार करून उद्या या, असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही फोटो घेऊन आम्ही खोलीवर आलो.

"तू शिकला आहेस. पाहून सांग, दाढ काढू का नको?"

मी खिडकीशी उभा राहिलो. बाहेरून ट्रक गेला की उजेड जायचा, फोटो काळे व्हायचे. मोठ्या फोटोत पांढरट ढग उजवीकडे दिसत होता. मी म्हणालो, "डॉक्टर चुकले, बाबा. दुखणं उजवीकडं आहे. डावी दाढ काहून काढायची?"

बाबांनी फोटो हातात घेतला. "ताण्याचे धागे जोडताना तुही माय माह्यासमोर बसते. तिचा डावा हात माह्या कोन्या बाजूले येते?"

"उजव्या."

"मंग फोटोतला हा माणूस तुह्यासमोरच बसला आहे ना? कॉलेजात काय पाहून राहिला होता गा?"

ते हसले. मला हसू आलं नाही. लहान फोटो मी फिरवून, उलटा करून पाहिला. मूळ कुठलं, हाड कुठलं, काहीच कळेना. बाबा वाट पाहत होते.

"मले नाही समजत, बाबा," मी म्हणालो. असं मी त्यांना आधी कधी म्हटलं नव्हतं.

त्यांनी माझ्या हातातला फोटो घेऊन बाजूला ठेवला. "मंग दोघंबी सारखेच. उद्या काढून टाकू."

दाढ निघाली. भोक पडलंच. टाके पडले. जखम भरेपर्यंत नाक शिंकरायचं नाही, तोंडानं काही ओढायचं नाही, असं बजावलं होतं. तितके दिवस माग बंदच होता. वास गेला, एवढंच बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी मोकळीक दिली त्या रविवारी मी उमरेडला गेलो. बाबांनी धोटा तोंडाला लावला. धागा आला नाही. मी आईकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली. बाबांनी धाग्याचं टोक बोटांनी पिळलं आणि पुन्हा ओढलं. धागा ओठांवर आला.

"तुह्या फोटोत हे दिसत होतं का?"

"नाही."

"मलेबी नाही," ते म्हणाले आणि मागावर बसले.