राष्ट्रगीतातला माझा शब्द

मी शाळेत गेलो तो फक्त कुंपणापर्यंत. आत पोरं राष्ट्रगीत म्हणायची, बाहेर मी शेळ्या राखायचो. निम्मे शब्द वारा खायचा. ‘मराठा’ आला की मात्र गुरुजींसकट सगळे असे ओरडायचे की शेळ्या बिचकायच्या. तेवढा एक शब्द पाठ झाला. बाकी नुसती चाल. गाणं कुठवर आलंय, हे मला अजून त्या शब्दावरनंच कळतं.

आता नोएडात एसी दुरुस्त करतो. पंधरा ऑगस्टला सोसायटीच्या झेंड्याखाली उभा राहतो आणि तो शब्द आला की माझा आवाज फुटतो. लोक हसायचे. मला वाटायचं, खूश आहेत.

यंदा माईक माझ्या लेकीकडं होता. सातवीत आहे. आदल्या दिवशी जेवताना म्हणाली, “पप्पा, प्लीज, उद्या ओरडू नका. माझ्या फ्रेंड्स तुमची नक्कल करतात. मी माईकवरच रडेन.”

“अगं, ते प्रेमानं येतं.”

“मग प्रेम थोडं हळू करा ना, यार.”

“त्यांना हळू काही जमत नाही,” बायको म्हणाली. “घोरणंसुद्धा अख्ख्या मजल्याला ऐकू जातं.”

मी लेकीला शब्द दिला.

सकाळी तिनं सुरू केलं. काय गोड आवाज! तो शब्द आला. मी दात आवळले आणि गिळला. झालं, माझी खूणच गेली. सगळे अजून यमुनेतच होते आणि मी एकटा पलीकडच्या काठावर जाऊन खणखणीत ‘जय हे’! मागं कुणीतरी फिसकन हसलं. लेक लाल झाली, आवाज थरथरला, पण थांबली नाही. शेवटपर्यंत नेलं.

लाडू वाटताना एक रिटायर्ड अंकल माझ्यावर उखडले, “ये तो अपमान है, भाई!”

वरच्या मजल्यावरची आंटी म्हणाली, “अपमान कैसा? वो गा तो रहा था. आपके तो होंठ भी नहीं हिले.”

मग वाद सिनेमा हॉलमध्ये उभं राहायचं की नाही, इथवर गेला. मी लाडू खात ऐकत होतो. न हलता उभं राहणाऱ्याचं खरं, की चुकत गाणाऱ्याचं? मला त्या गाण्याचा अर्थही धड माहीत नाही, तरी दरवेळी गळा भरून येतो. कशानं येतो, हे कुणाला विचारायचं तर आधी अर्थ माहीत नाही हे सांगावं लागेल.

लिफ्टमध्ये मी लेकीला म्हणालो, “तो शब्द गिळला ना, मग पुढचा रस्ताच सापडेना गं.”

“म्हणजे? तुम्हाला बाकीचं येतच नाही?”

“चाल येते.”

ती हसली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

“पप्पा,” दार उघडल्यावर म्हणाली, “सव्वीस जानेवारीला ओरडा. बिल्कुल ओरडा. पण त्याच्या पुढचं मी शिकवते. चलो, म्हणा, द्राविड.”

“द्राविड!” मी म्हणालो.

समोरच्या फ्लॅटमधलं कुत्रं बिचकलं.