सकाळचं माप आलं नाही

आमच्या कोथरूडच्या घरात तेव्हा टेलिफोनची एकच लाइन होती, आणि इंटरनेटही तिच्यावरूनच यायचं. मोडेम चिरचिर करून जोडला गेला की फोन बंद. बाहेरून करणाऱ्याला नुसता एंगेज टोन. तुम्हा दोघांना हे आधी सांगून ठेवते, नाहीतर पुढे माझी धावपळ का झाली ते कळायचं नाही.

मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला आणि रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजू लागले. असाच छंद असलेली आणखी दोन-तीन माणसं होती, एक तर थेट वारज्याहून स्कूटरवर यायचे. रविवारी आमच्या बाल्कनीत चहाला बसायचं आणि कोणाकडे किती पडला यावर भांडायचं, हा आमचा कार्यक्रम. एका एप्रिलमध्ये मोठाल्या गारा पडल्या. सोसायटीतले लोक गाड्यांच्या काचांसाठी हळहळत होते आणि आम्ही डोक्यावर पातेली धरून गच्चीत गारा गोळा करत होतो. त्या थांबल्या तेव्हा आम्हाला चक्क वाईट वाटलं. तुमचे आजोबा म्हणाले, "खाली जाऊन सांगा ना, अजून थोड्या पडायला हव्या होत्या म्हणून. लोक चहा देतील."

तुमच्या बाबांची कंपनी त्यांना अमेरिकेला पाठवते आहे म्हटल्यावर मी नकाशा काढला. गाव ईशान्येकडचं, डोंगराच्या कुशीतलं, बर्फाचं. तिथल्या हवामानवेड्यांचा एक फोरम इंटरनेटवर मला सापडला आणि मी तो वर्षभर गुपचूप वाचत राहिले. आपापल्या अंगणात पांढरी रंगवलेली फळी ठेवायची, दर सहा तासांनी तिच्यावरचा बर्फ पट्टीने मोजायचा, फळी झाडून पुन्हा जागेवर ठेवायची आणि माप फोरमवर लिहायचं, अशी त्यांची रीत होती. आजारी पडलं तरी माप चुकवायचं नाही. मला ही माणसं न भेटताच पटली.

त्या फेब्रुवारीत तुमच्यातली मोठी आईच्या पोटात होती. डॉक्टरांनी दिलेली तारीख जवळ आली होती आणि माझं विमान पुढच्या आठवड्यातलं होतं. एका सकाळी फोरम उघडला, तर तिथे जत्रा भरलेली. त्यांच्याकडे रात्र पडत होती आणि पहाटेपासून मोठं हिमवादळ येणार होतं. टीव्हीवाले सांगत होते की ते दक्षिणेकडून निघून जाईल. फोरमवरच्या जुन्या लोकांना ते मान्य नव्हतं. वादळ नेमकं या डोंगराशी अडेल आणि दीड दिवस हलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. एकाने लिहिलं होतं, "येऊ दे! फळी तयार आहे!" दुसरा म्हणे, "मला कमरेइतका हवा."

गारांचा तो दिवस आठवून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तुमच्या आईचं घर टेकडीवर, हॉस्पिटल खाली गावात, मधे वळणावळणाचा रस्ता. कळा वादळात सुरू झाल्या तर ती खाली उतरणार कशी?

वर्षभरात पहिल्यांदाच मी फोरमवर लिहिलं. माझं इंग्रजी शाळेतलं, त्यामुळे पत्र जरा कडक झालं. मराठीत सांगायचं तर असं: "मी भारतातून, पुण्याहून लिहिते आहे. माझा पर्जन्यमापक गच्चीवर आहे. तुम्ही ज्या बर्फाची वाट पाहता आहात, त्याच्या मधोमध माझी मुलगी राहते आणि ती कोणत्याही दिवशी बाळंत होईल. टेकडीवरचा रस्ता किती वेळ चालू राहील, हे कृपया कोणी सांगेल का?"

पहिली तीन उत्तरं माझ्या पर्जन्यमापकाबद्दल आली. तोंड किती रुंद, जमिनीपासून किती उंच, जवळ झाड आहे का. मला राग आला नाही. आमच्या बाल्कनीतही हेच झालं असतं. चौथं उत्तर एका बाईंचं होतं. "रस्ता सकाळी बंद होईल आणि दोन दिवस उघडणार नाही. तिला आज रात्रीच खाली आणा."

मी इंटरनेट तोडलं आणि तुमच्या आईला फोन लावला.

"आई, अगं कळा सुरू झाल्याशिवाय हॉस्पिटल घेत नाही इथे," ती म्हणाली. "खाली जाऊन बसू कुठे? एकुलतं एक हॉटेल, तेही भरलंय."

तुमच्या बाबांनी फोन घेतला. "आई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. न्यूजवर सांगतायत, आमच्याकडे फार काही नाहीये."

"न्यूजवाल्यांच्या अंगणात फळी आहे का?" मी विचारलं.

एवढं बोलून फोन ठेवला. मी पुन्हा फोरमवर गेले आणि हॉटेलची अडचण लिहिली. चौथं उत्तर देणाऱ्या त्या बाईंनी लगेच लिहिलं. त्या त्याच गावात, हॉस्पिटलच्या समोरच्या रस्त्यावर राहत होत्या. ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्या रस्त्यावरचा बर्फ ॲम्ब्युलन्ससाठी सगळ्यात आधी काढतात. वरची खोली रिकामी आहे, दोघांनी यावं.

आता ओळख ना पाळख, अशा बाईकडे दिवस भरलेली लेक पाठवायची, म्हणजे चौकशी नको का? मी त्यांना वेगळा निरोप पाठवून प्रश्न विचारले. घरात आणखी कोण असतं? जिना किती चढायचा? वीज गेली तर उबेची काय सोय? मांसाहार न केलेला चालेल का? प्राणी आहेत का? उत्तरं आली ती क्रमांक घालून, एकाखाली एक. शेवटचं असं होतं: "एक मांजर आहे. तिची परवानगी अजून घेतलेली नाही."

मी आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ही बाई चुकून तिकडे जन्मली. नारायण पेठेतली दिसते."

माझं ठरलं. पुन्हा फोन. या वेळी तुमचे बाबा ठाम होते. "आई, इंटरनेटवर भेटलेल्या अनोळखी बाईंच्या घरी? असं कोणी जातं का?"

"तुमची नोकरी इंटरनेटची. त्यावर विश्वास मी ठेवायचा आणि तुम्ही नाही?"

"तसं नाही, पण..."

"तुम्ही दोघं एक रात्र तिथे राहा. बर्फ नाही पडला तर सकाळी घरी, आणि मला आयुष्यभर हसा. पडला तर तुम्ही टेकडीवर काय करणार, ते मला आत्ता सांगा."

पलीकडे काही बोलणं झालं. मग तुमची आई आली. "पत्ता सांग," म्हणाली. "आई, मला पण इथे वर भीती वाटतेय."

त्यांच्या रात्री ते दोघं त्या बाईंकडे पोचले. पोचल्याचं बाईंनीच फोरमवर लिहिलं आणि खाली जोडलं, "मांजर रुसली आहे." त्यांच्या मध्यरात्रीनंतरचं मापही आलं: नुसती भुरभुर. तुमच्या बाबांचं म्हणणं खरं ठरतंय की काय, असं आजोबा दोनदा म्हणाले. मी तासांचा हिशेब केला. बाईंचं पुढचं माप त्यांच्या सकाळी सात वाजता होतं, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला.

"तू नेटवर बसलीस की फोन अडतो," आजोबा म्हणाले. ते खरंच होतं. म्हणून ते फोनपाशी बसले आणि मी सोसायटीसमोरच्या सायबर कॅफेत गेले. आजूबाजूला कॉलेजची मुलं गेम खेळत होती. फोरम उघडला. वादळ डोंगराशी अडलं होतं. एकेक माप येत होतं. पलीकडच्या गावातल्याने लिहिलं होतं की त्याचं मागचं दार उघडतच नाही. टेकडीचा रस्ता बंद झाल्याचंही कोणीतरी लिहिलं होतं. सगळ्यांची मापं आली. आमच्या बाईंचं नाही.

मी थांबले. पान पुन्हा पुन्हा उघडलं. एकाने विचारलंही, "आज बाईंचं सातचं माप कुठे आहे? वीज गेली का?" दुसऱ्याने कळवलं की त्यांच्या रस्त्यावर वीज चालू आहे.

मी उठले आणि जवळजवळ पळतच घरी आले.

"अहो, गेले ते हॉस्पिटलमध्ये."

"फोन तर आला नाही. तुला कोणी सांगितलं?"

"बाईंचं सकाळचं माप आलं नाही."

"उठल्या नसतील."

"त्या उठल्या नाहीत असं होत नाही. वीज आहे, अंगणात फळी आहे, आणि बाई घरात नाहीत. इतक्या बर्फात त्या दुसऱ्या कशासाठी बाहेर पडतील?"

आजोबांनी यावर काही टोमणा मारला नाही. चहा मात्र स्वतः केला, आणि दोघंही फोनकडे बघत बसलो. बराच वेळ. तो वाजला तेव्हा त्यांनी उचलून तसाच माझ्या हातात दिला.

"आई, मुलगी," तुमचे बाबा म्हणाले. मग हळूहळू सांगू लागले. पहाटे कळा सुरू झाल्या. रस्ता साफ होता, पण अंगणात गुडघ्याच्या वर बर्फ. बाई पुढे फावड्याने वाट करत होत्या आणि मागून तुमचे बाबा तुमच्या आईला धरून चालवत होते. गाडी काढलीच नाही. टेकडीवर असते तर बाहेरही पडता आलं नसतं, हे ते स्वतःहून बोलले.

"दोघी बऱ्या आहेत ना?" मी विचारलं.

"एकदम बऱ्या. बाई इथेच बसल्यात, बाळाला घेऊन. त्या तुम्हाला काहीतरी सांगा म्हणतायत."

"काय?"

"सातचं माप राहिलं, याबद्दल माफी मागतायत."

"त्यांना म्हणावं," मी म्हणाले, "बाळ आईकडे द्या आणि घरी जाऊन आधी फळी बघा. लोक वाट पाहतायत."