दहाव्या घरावरची टिकली

थोरली काहीही दोनदा मोजते. गॅसची बटणं, जिन्याच्या पायऱ्या, दोरीवर वाळत घातलेले मोजे. तिची मुलगी तिला 'मोजणीबाई' म्हणते. थोरली हसते. म्हणते, "एकदा मोजलं नाही, त्याची शिक्षा भोगलीये बाई मी." हे ती म्हणते तेव्हा धाकटी त्या खोलीत असली, तर काहीतरी काम काढून उठते.

दोघी सख्ख्या जावा. एकाच इमारतीत राहतात, थोरली खाली, धाकटी वर. बावीस वर्षांपूर्वी दोघी एकाच कारखान्यात, शेजारशेजारच्या ड्रिलवर बसत. थोरली गिटारच्या माना करायची, धाकटी मँडोलिनच्या. मानेवर पितळी पट्ट्या असतात आणि दोन पट्ट्यांमधल्या जागेला कारखान्यात घर म्हणत. वाजवणाऱ्याला अंदाज यावा म्हणून ठरावीक घरांत भोक पाडून शिंपल्याची गोल टिकली बसवायची. गिटारला तिसरं, पाचवं, सातवं, नववं. मँडोलिनला मात्र नववं सोडून दहावं. काम एवढंच. माना पेट्यांतून येत. पण पेटीतली पहिली मान मोजून करायची आणि बाकीच्या तिच्याशेजारी ठेवून, तिच्याकडे बघून. प्रत्येक मान मोजत बसलं तर दिवस पुरायचा नाही.

त्या दिवशी थोरलीच्या मुलीला शाळेत ताप चढला. निरोप आला तशी थोरली धावत गेली. जाताना म्हणाली, "धाकटे, पेटी नवीन आहे, तेवढी सुरू करून ठेव गं."

धाकटीनं सुरू केली. डोकं त्या तापात होतं की आणखी कशात, कोण जाणे, पण हात मँडोलिनचाच राहिला. पहिल्या मानेवर तिनं दहाव्या घरात भोक पाडलं आणि पुढच्या सगळ्या तिच्याकडे बघून केल्या. अर्धी पेटी झाल्यावर थोरली परत आली आणि उरलेल्या तिनं पुऱ्या केल्या. अर्थात, शेजारच्या मानेकडे बघून.

चूक सापडली तोवर अकरा गिटारी विकल्या गेल्या होत्या. पेटीतल्या बाकीच्या माना न तपासताच भट्टीत गेल्या. मुकादमानं दोघींना समोर उभं केलं. थोरलीनंच विचारलं, "धाकटे, तू मोजून केल्यास ना?"

धाकटी तेव्हा नोकरीत कायम झाली नव्हती. ती म्हणाली, "हो ताई. मी मोजूनच केल्या."

"मग माझ्याच चुकल्या," थोरली म्हणाली. "पोरीच्या तापानं डोकं ठिकाणावर नव्हतं माझं."

तिनं संशयसुद्धा घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या ड्रिलवर वेगळीच बाई बसू लागली. थोरली घरी बटणं लावायची, काजं करायची कामं आणू लागली. धाकटी पुढच्या महिन्यात कायम झाली आणि तिला गिटारच्या मानांवर बसवलं. सांगावंसं तिला पुष्कळदा वाटलं. जिन्यात वाटलं, दवाखान्यात वाटलं, थोरलीच्या मुलीच्या लग्नात तर जेवणाच्या पंगतीत वाटलं. दर वेळी तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली. अकरांतल्या एक-दोन थोरलीच्या हातच्याही असतील, अशी ती स्वतःची समजूत घाली. पहिली कोणाची होती, हे तिला माहीत होतं.

आणि मग हा गिटारवाला आला.

तो काही वाजवणारा नव्हता. गिटारी जमवणारा होता. कारखान्याच्या जुन्या कागदांवरून पत्ता काढत तो थोरलीच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला. मांडीवर मखमली अस्तराची पेटी. धाकटी चहा घेऊन आली तेव्हा पेटी उघडलेली होती.

"जगात अकरा," तो सांगत होता. "त्यातल्या दोन मोडल्या. एक आगीत गेली. उरल्या आठ. ही मिळवायला मला सहा वर्षं लागली."

थोरलीनं चष्मा पुसला. "वाजते का काही वेगळी?"

"वाजायला काय, तुमच्या कारखान्याची कुठलीही वाजेल तशीच वाजते."

"मग नवव्या घरात टिकली असलेल्या?"

"त्या ढिगानं आहेत हो. त्यांना कोण विचारतो!"

धाकटी कपात साखर ढवळत राहिली. त्या ढिगातल्या अर्ध्याअधिक, थोरलीची नोकरी गेल्यानंतरच्या, तिनं केलेल्या होत्या. बरोबर केलेल्या.

"लोक ही गिटार काचेमागे ठेवतात, बाई," गिटारवाला म्हणाला. "ज्या हातांनी ही चूक केली, त्यांची सही हवीये मला. इथे, मानेच्या मागे."

थोरलीनं आपले हात पालथे केले, सुलटे केले. बावीस वर्षं ज्या हातांना ती नावं ठेवत आली, ते हात ती असे बघत होती जणू कोणी नुकतेच आणून दिलेत. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "इश्श," ती म्हणाली. "या फुटक्या हातांची सही?" पण पेन तिनं घेतलं होतं.

धाकटीला एवढंच कळलं की सही झाली की संपलं. त्यानंतर सांगण्यासारखं काही उरणार नाही.

"ताई," ती म्हणाली, "त्या दिवशी मी मोजल्या नव्हत्या. पहिली दहाव्या घराची माझी होती. तुम्ही माझीच बघून केल्यात."

मग गिटारवाला हसला. अगदी सभ्यपणे हसला. "होतं असं. मागच्या महिन्यात पॉलिशवाला आला होता. म्हणे, ती चूक माझीच. भट्टीवाल्याचा मुलगाही येऊन गेला."

हे धाकटीच्या ध्यानातच आलं नव्हतं. बावीस वर्षं तिनं जपून ठेवलेला गुन्हा आता मिरवण्याची वस्तू झाला होता, आणि तिनं हात पुढे केला तो नेमका आज.

थोरली तिच्याकडे बघत होती. रागानं नाही. लहान मूल दुसऱ्याच्या ताटातला घास मागतं तेव्हा बघावं, तशी. तिनं पेन पुढे केलं. "घे. तुला करायचीये का सही? कर तू."

"नको," धाकटी म्हणाली. "तुम्हीच करा."

म्हणाली आणि तिला कळलं की या 'नको'नं उरलंसुरलंही गेलं. खरं असतं तर हिनं घेतलं असतं पेन, असं गिटारवाल्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. थोरलीनं गिटार मांडीवर घेतली. टिकलीपर्यंतची घरं बोटानं दोनदा मोजली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीत दोघी दोरीवरचे कपडे काढत होत्या. थोरली हलक्या आवाजात म्हणाली, "मला काही वाटलं नाही हो कालचं. माणसाला वाटतं, आपलंही नाव व्हावं. तुझ्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं."

धाकटीनं तोंड उघडलं. थोरलीच्या चेहऱ्यावर कालची लाली अजून थोडी होती.

"हो," धाकटी म्हणाली.

"झालं तर मग." थोरलीनं मोज्यांचा गठ्ठा तिच्या हातात ठेवला. "हे तुमचे. आठ आहेत. मोजून घे."

ती समोर उभी राहिली. धाकटीनं मोजायला सुरुवात केली, एकेक, मोठ्यानं.