वसुधाताईंच्या गणितातलं पाणी

वसुधाताईंची आणि माझी ओळख वासावरून झाली. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, मी काचेची भांडी धुवायला होते. ताई नव्याने शिकवायला आल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मी धुतलेला चंबू उचलून नाकाला लावला.

"दूध नासलंय का बघताय, बाई?"

"मावशी, नळाच्या पाण्याला हा वास कुठून येतो?"

"नळातून."

तेव्हा कुठे त्या हसल्या.

आज त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या या गौरवग्रंथात विद्वान मंडळी लिहितीलच. मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात लिहिते. पण ताईंच्या संशोधनाबद्दल मलाही थोडं ठाऊक आहे, कारण त्यातला एक टोमणा माझा आहे.

पाणी शुद्ध करायला क्लोरीन घालतात. पालापाचोळ्यातून पाण्यात अमिनो आम्लं आलेली असतात, त्यांना तो चिकटतो. ही जोडी टिकत नाही. तुटते, आणि तुटताना वासाचे पदार्थ सोडते. ती नेमकी कशी तुटते, हे ताईंना संगणकावर गणित मांडून दाखवायचं होतं. मला त्यांनी ते प्लास्टिकचे गोळे आणि काड्या जोडून समजावलं. हिरवा गोळा क्लोरीनचा.

मी म्हटलं, "म्हणजे आगंतुक पाहुणा."

"हो, आणि जाताना घर मोडून जातो!"

संगणक मुंबईच्या एका संस्थेत. ताई शनिवारी बदलापूरच्या घरून तिथे जात आणि संगणकाने आकडे छापलेला, कडेला भोकं असलेला लांबलचक कागद घेऊन येत. असं कित्येक वर्षं चाललं. शेवटी प्रबंध टाइप होऊन तयार झाला. मुदतवाढही शेवटची, महिनाच उरलेला. डॉक्टरेट मिळाली तरच विभागप्रमुखपद मिळणार होतं. पण ताईंचा चेहरा उतरलेला.

"मावशी, काचेच्या नळीत जे तासाभरात तुटतं, ते कागदावर जन्मात तुटत नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, चालेल, सगळे असंच करतात."

मी टेबलावरच्या गोळ्यांकडे बघितलं. "हे पाण्यात असतं म्हणालात ना? मग इथे कोरडं का ठेवलंय?"

"पाणी धरलं की गणित फार वाढतं हो."

"मग भातही पाण्यावाचून लावा. रॉकेल वाचेल."

ताईंनी हिरवा गोळा हातात घेतला. मग हळूच म्हणाल्या, "पाण्याचं मी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. जड जातं म्हणून बाजूला ठेवलं, आणि बाजूला ठेवलंय हेच विसरले." तेव्हा शोध त्यांचाच, माझा फक्त टोमणा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रबंध मागे घेतला. सर रागावले, मुदत संपली, विभागप्रमुख दुसरेच झाले. ताईंनी त्यांना पहिला पेढा दिला आणि डॉक्टरेटसाठी पुन्हा नव्याने नाव नोंदवलं.

त्याच दिवसांत भांडी धुण्याच्या आम्लाने माझे हात फुटले. ताईंनी मला रबरी हातमोजे आणून दिले, स्टुलावर बसवलं आणि आठवडाभर माझी भांडी स्वतः धुतली. मी एकेक चंबू नाकाला लावून परत करायची. "पुन्हा धुवा." विद्यार्थ्यांदेखत त्या पुन्हा धुवायच्या. एवढी मोठी बाई. पण चुकलं ते पुन्हा करायची लाज त्यांना कधी वाटली नाही.

पुढच्या वर्षी एका सोमवारी ताई धावतच मोरीपाशी आल्या. "तुटलं, मावशी, तुटलं!"

"आता कुठला चंबू?"

चंबू नव्हे. त्यांनी गणितात पाण्याचे दोनच कण शेजारी बसवले होते. त्या कणांनी हायड्रोजन या हातातून त्या हातात दिला आणि अडलेली वाट मोकळी झाली. कागद आणि नळी पहिल्यांदा एकच बोलले. पन्नाशी उलटल्यावर ताई डॉक्टर झाल्या, आणि पहिला पेढा मोरीवर आला.

तेव्हापासून ताई कशातलंच पाणी वगळत नाहीत. त्यांच्या घरचा भात मी जेवले आहे; पेजच असते. देवाने त्यांना शंभर निरोगी वर्षं द्यावीत, आणि मला त्यांतली निदान थोडी, ती पेज प्यायला.