बंद गोदामाचा वास

त्या गोदामाचं शटर वर सरकत होतं तेव्हा छातीत जी धडधड झाली होती, ती निवृत्त होऊनही विसरता आलेली नाही. मृतदेह मी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. पण त्या दिवशी शटरसमोरच्या गर्दीत बेपत्ता माणसाची बायकोही उभी होती, आणि आत काय निघणार याची खात्री माझ्याइतकीच तिलाही झालेली होती.

मी तेव्हा धर्माबादच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. बाजार मिरचीचा. हंगामात ठाण्यात बसून तक्रार लिहून घेतानाही आम्हाला शिंका येत. गावाबाहेर मिरची पूड तयार करणारा एक छोटा कारखाना होता, दोघांच्या भागीदारीतला. थोरला भागीदार पन्नाशीचा, व्यवहाराला चोख आणि आवाजाला करडा. कारखान्यात तो बोलला की रस्त्यावर ऐकू जायचं. धाकटा पस्तिशीचा, मऊ बोलण्याचा. शेतकऱ्यांकडून माल पारखून घ्यायचं काम त्याच्याकडे. नात्याचे नव्हते, पण धाकटा थोरल्याला दादा म्हणायचा आणि दोन्ही घरांचं जाणंयेणं होतं.

एका सकाळी धाकट्याची बायको आणि तिचा भाऊ ठाण्यात आले. नवरा आदल्या दिवशी दुपारी कारखान्यातून निघाला तो घरी आलाच नव्हता. मोबाईल बंद. ठाणे अंमलदाराने मिसिंग दाखल करून घेतली. मोठा माणूस एखादी रात्र घरी आला नाही तर आम्ही सहसा इतके गडबडून जात नाही. पण दुपारपर्यंत त्याची मोटारसायकल गोदावरीच्या पुलाजवळ उभी असलेली सापडली, आणि मोबाईलचं शेवटचं लोकेशनही पुलाजवळच्याच टॉवरखालचं निघालं. मग मात्र माझंही जेवण राहिलं.

पाण्यात बुड्या मारणाऱ्या भोयांना बोलावून नदीत शोध सुरू केला. काठावर सगळा गोतावळा जमला. थोरला भागीदारही आला, पण लांब एका बाभळीखाली एकटाच उभा राहिला. धाकट्याचा मेहुणा त्याच्याकडे बोट दाखवून ओरडला, "त्याला इचारा साहेब! काल ह्येनंच आमच्या दाजीला सगळ्यांदेखत झापलं होतं. माल कुठाय, माल कुठाय म्हणून."

थोरला काही बोलला नाही. एरवी आवाज चढवायला निमित्त न लागणारा माणूस गप्प राहतो, हे पोलिसाला खटकतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याचा फोन वाजला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "साहेब, कारखान्याच्या मागं जे गोदाम हाय ना, त्याला नवं कुलूप लागलंय. अन् आतून वास येऊन राहिलाय. लई घाण वास."

मी थोरल्याला चौकशीला बोलावलं. समोरच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. चौकशीत मी सुरुवातीला घरच्या गोष्टी विचारत असे. माणूस खरं बोलताना कसा बसतो ते आधी बघून ठेवायचं, म्हणजे खोटं बोलायला लागला की फरक कळतो. मुलीचं शिक्षण, कामगार, हंगाम, सगळं तो सरळ सांगत गेला. मग मी गोदामाकडे वळलो.

"कुलूप कधी बदललं?"

त्याने पाण्याचा पेला उगीचच सरकवला. "जुनं खराब झालतं."

"किल्ली कुठाय?"

"घरी असंल. बघावं लागंल."

"आत काय आहे?"

"मिरची. दुसरं काय असणार साहेब?"

"मग उघडून दाखवा."

तो खाली बघत बसला. कपाळावर घाम आला. शेवटी एवढंच म्हणाला, "आज नको. त्याचा पत्ता लागू द्या, मग उघडतो."

मी दोन पंच बोलावले, फोटोग्राफर घेतला आणि गाडी कारखान्याकडे काढली. बातमी आमच्या आधी पोचली होती. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया काम टाकून बाहेर आल्या होत्या, बाजारातले हमाल आले होते, आणि मेहुण्याबरोबर दहाबारा तरुण पोरं. काहींच्या हातात काठ्या. मी गर्दीला मागे रेटायला सांगितलं. धाकट्याच्या बायकोला महिला शिपाई बाजूला न्यायला लागल्या, पण ती हलेना. म्हणाली, "बाई, मला बघू द्या. न्हाई बघितलं तर जल्मभर शटरच दिसंल."

कुलूप तोडलं. शटर वर गेलं आणि आतून आंबट, कुजका भपका आला. पुढे उभे असलेले सगळे खोकायला लागले. पुढच्या रांगेतली पोती चांगली होती, लालभडक. आम्ही ती हलवली. मागे ताडपत्री. शिपायाने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि त्याने ताडपत्री ओढली.

खाली पोतीच होती. ओली, काळी पडलेली, वरून पांढरी बुरशी चढलेली. पोत्यामागून पोतं आम्ही बाहेर काढलं. गोदाम मोकळं झालं. माणूस नव्हता.

धाकट्याची बायको तिथेच खाली बसली. रडली नाही, नुसती बसली.

मला हायसं वाटलं ते फार वेळ टिकलं नाही. गर्दीत लगेच नवी कुजबुज सुरू झाली. इतका माल नासला म्हणजे भांडण झालंच असणार. भांडणात मारलं आणि नदीत टाकलं. आधी नुसता संशय होता, आता त्याला कारणही मिळालं होतं. मेहुणा म्हणाला, "साहेब, तुम्ही अटक करता का आम्ही बघून घेऊ?"

मी थोरल्याला गाडीत घालून ठाण्यात आणलं. खरं म्हणजे गर्दीपासून वाचवायलाच आणलं. दार लावून घेतलं आणि विचारलं, "यात लपवायचं काय होतं?"

तो बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज मला पहिल्यांदाच हळू ऐकू आला.

"परवा मी त्याला माल कुठाय इचारलं, तर म्हणला, आहे गोदामात, सगळा चांगला हाय. दुसऱ्या दिवशी तो घरी आला न्हाई म्हणून कळलं. मी गोदाम उघडलं. ताडपत्री उचलली अन् समजलं. अवकाळीत भिजलेला माल त्यानं वाळवून न घेता थप्पीला लावला. कुणी उघडून बघू नये म्हणून मीच नवं कुलूप लावलं. पर वास कुठं कुलुपाला ऐकतो?"

"आम्हाला का नाही सांगितलं?"

"गावाला कळलं असतं साहेब. कारखान्याचं नाव गेलं असतं, हे तर हायच. पर तो जिता असला अन् परत आला तर? कुजकी मिरची दळून लोकाला चारणार होता म्हणून लोकांनी त्याच्या तोंडावर थुंकलं असतं. त्याला तोंड दाखवायला जागा ऱ्हावी म्हणून गप बसलो."

तो खरं बोलत होता असं मला वाटलं. पण वाटण्यावर पंचनामा होत नाही. वरिष्ठांचे फोन येत होते, बाहेर लोक घोषणा देत होते. अटक दाखवली असती तर गाव शांत झालं असतं. नदीत काही सापडत नव्हतं. मी हातात पेन घेऊन बसलो होतो आणि स्टेशन डायरीत काय लिहावं हे सुचत नव्हतं.

त्या अस्वस्थतेतच मी धाकट्याच्या बायकोला पुन्हा बोलावलं. विचारलं, "काही बिघडलं, चुकलं, तर हा माणूस कुणाला सांगायचा?"

"मला न्हाई सांगायचा. लई झालं तर अक्काला."

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. मुदखेड तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली.

"अक्का नदीवर आली होती का?"

"न्हाई. सासऱ्याला बरं न्हाई म्हणली. पर फोन सारखा करून राहिली. पोलीस काय म्हणून राहिले, पोलीस काय म्हणून राहिले, एवढंच इचारती."

मी ताठ बसलो. लांबचे चुलतभाऊ नदीवर येऊन उभे होते. ज्या बहिणीला तो मनातलं सांगायचा तीच आली नव्हती. आणि भाऊ सापडला का, हे ती विचारत नव्हती.

साध्या कपड्यांत, खासगी गाडीने, एक महिला शिपाई घेऊन आम्ही निघालो. उमरी मागे पडलं, मुदखेड आलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुलांची शेतं. मनात एकच भीती होती. माझा अंदाज चुकला, तर इतक्या वेळात गावात त्या थोरल्याचं काय होईल?

अक्का झेंडूच्या रानात फुलं तोडत होती. आम्हाला पाहून तिच्या ओटीतली फुलं सांडली. तरी म्हणाली, "माझा भाऊ इथं न्हाई. तुम्ही नदीत बघा."

मी आवाज चढवला नाही. म्हणालो, "अक्का, नदीत बघून झालं. आता त्याच्या भागीदाराला खुनासाठी आत घालायची वेळ आलीय. बाहेर लोक काठ्या घेऊन उभे आहेत. एवढंच सांगायला आलो."

ती पदराचं टोक चावत उभी राहिली. पण मागच्या गुरांच्या कोठ्याचं दार वाजलं आणि दाढी वाढलेला एक माणूस बाहेर आला. हात जोडून म्हणाला, "साहेब, दादांला सोडा. त्यांनी काय न्हाई केलं."

गाडीत त्याने सगळं सांगितलं. पुलावर गाडी लावून तो कठड्याला धरून उभा राहिला होता. "काय झालं कुणास ठाऊक, पाय उचललाच न्हाई." मग चालत निघाला, एका जीपमध्ये बसला आणि बहिणीकडे आला. तिला गळ्याची शपथ घातली.

मी विचारलं, "माल भिजला त्याच दिवशी दादांना का नाही सांगितलं? उन्हात पसरला असता तर निम्मा तरी वाचला असता."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मागं एकदा माझ्या चुकीनं मशीनचा पट्टा तुटला होता. मी आपणहून सांगायला गेलो. दादांनी कामावरच्या बायांदेखत असं काय काय सुनावलं... बायको डबा घेऊन आलती, तिनंबी ऐकलं. त्या दिवसापासून मी त्यांना फक्त चांगलंच सांगत गेलो."

आम्ही ठाण्यात आलो तेव्हा मी फोनवर कळवलेल्या बातमीने गर्दी पांगायला लागली होती. बायकोने नवऱ्याला पाहिलं, त्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली आणि जबाब लिहून होईपर्यंत सोडली नाही.

थोरल्याला मी आतून बोलावलं. दारात येताच तो सवयीने गरजला, "आरं, तोंडानं सांगायचं होतंस की!"

धाकटा दचकून एक पाऊल मागे गेला, माझ्या शिपायाच्या आडोशाला. ते थोरल्याने पाहिलं. तो जागीच थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "माझं एवढं भ्या वाटत होतं तुला?"

"हाव," धाकटा म्हणाला.



नासलेला माल अन्न विभागाच्या अधिकाऱ्यांसमोर खड्डा करून पुरला. तो हंगाम दोघांनाही जड गेला. पुढच्या वर्षी भागीदारी सुटली, भांडण न होता. धाकटा आता दुसऱ्या व्यापाऱ्यांसाठी माल पारखून देतो. थोरला कारखाना एकटा चालवतो. माझी बदली झाली तेव्हा तो भेटायला आला होता. म्हणाला, "साहेब, आता बाया येऊन सांगतात, पट्टा तुटला, माल सांडला. आतून राग येतोच. पर ऐकून घेतो. न्हाई ऐकलं तर पुढच्या टायमाला सांगायच्याच न्हाईत."

नंतरच्या नोकरीत, नांदेडला असो की लातूरला, माझ्यासमोर कितीतरी भागीदार, सख्खे भाऊ, मालक आणि नोकर तक्रार घेऊन बसले. प्रत्येकाचं म्हणणं तेच असायचं, साहेब, ह्याने माझ्यापासून लपवलं. लपवणाऱ्याची बाजू मी कधी घेतली नाही. लपवल्याने माल नासतोच, कधी माणूसही पुलापर्यंत जातो. पण तक्रारदाराला मी एक प्रश्न विचारायला लागलो. हा माणूस पहिल्यांदा वाईट बातमी घेऊन तुमच्याकडे आला होता, तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणाला होता?

बहुतेकांना तो दिवस चांगला आठवत असे. उत्तर मात्र फार थोड्यांनी दिलं.