समोरच्या संघातला उंच पोरगा

कॉलेजांच्या बास्केटबॉलची फायनल पिंपरीत होती. खुर्च्यांवर एका कंपनीचे साहेब बसलेले. जो चांगला खेळेल त्याला ते कंपनीच्या टीमसाठी नोकरीत घेणार होते. माझ्या पोराला ती नोकरी हवी होती. माणूस ओळखायला मला शाळा लागली न्हाई, म्हणून मीच समोरच्या संघातल्या उंच पोराला जोखायला नळापाशी थांबलो.

तो पाणी प्यायला आला, तर डावा पाय ओढत होता. माझी नजर त्यानं हेरली; मघाशी पोराच्या बाकापाशी त्यानं मला पाहिलं होतं. गुडघ्यावरची पट्टी करकचून आवळत म्हणाला, "सांगा की काका तुमच्या पोराला. तरी बी पळवतो त्याला."

मी जाऊन सांगितलं. पोरगा खूश झाला.

म्हटलं, "हसतोस काय लेका? दुखणं लपवत न्हाई तो. शेवटपर्यंत अंगावर येईल."