चालेलकाकूंचं मत

चालेलकाकूंना कशालाच नाही म्हणता यायचं नाही. चहा की कॉफी असं विचारलं तर "काहीही चालेल". साखर घालू की नको? "चालेल." आता हे चालेल घालण्याला की न घालण्याला, ते विचारणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर ठरवायचं. एकदा मंडळाच्या गणपतीसाठी मी त्यांना फोन करून विचारलं, "काकू, मसालेभात आणाल की मठ्ठा?" त्या म्हणाल्या, "चालेल." मी समजले मसालेभात. नंतर दुसऱ्या एका बाईनं फोन केला, ती समजली मठ्ठा. काकू दोन्ही घेऊन आल्या.

खरं नाव नलिनी. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या उपनगरात मराठी घरं तशी थोडी, त्यातलं त्यांचं आमच्या समोरच. चालेलकाकू हे नाव माझ्या नवऱ्यानं ठेवलं आणि कधीतरी ते त्यांच्या कानावर गेलं. मी ओशाळले. त्या म्हणाल्या, "अगं, चालेल की."

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "माझं काही मत नाही बाई, तुम्ही ठरवा." माझं नेमकं उलट. मला पोह्यांत बटाटा असावा की नसावा इथपासून परराष्ट्र धोरणापर्यंत सगळ्यावर मत असतं. नसतो तो फक्त मत देण्याचा हक्क. नागपूरहून इथे येऊन इतकी वर्षं झाली, ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पांढरे व्हायला लागले, तरी नंबर लागलेला नाही. काकू कधीच्याच सिटिझन. म्हणजे दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी आमची जोडी.

काकूंचे यजमान, म्हणजे काका, पुलांचे इंजिनिअर. आवाज नदीच्या पलीकडच्या माणसाला ऐकू जावा असा. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "आमच्या घरात दुमत नाही." कार्पेट घ्यायला गेले तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. काकू एका बदामी रंगाच्या कार्पेटवरून बराच वेळ हात फिरवत होत्या. काकांनी विचारलं, "नलिनी, हिरवा?" काकू म्हणाल्या, "चालेल." काका दुकानदाराला म्हणाले, "माय वाइफ ऑल्सो लाइक्स ग्रीन." तेव्हापासून त्यांच्या घरात शिरलं की अंगणातलं गवत आत आलंय असं वाटायचं.

राजकारणात काकांचं आणि माझं छान जमायचं. पक्ष एकच. दर निवडणुकीला दोघं नवरा-बायको एकाच गाडीतून मत द्यायला जात आणि परत आल्यावर काका अंगणातूनच मला ओरडून सांगत, "दोन टाकून आलो गं!" मागे काकू पर्स सांभाळत हसत उभ्या. मला काकांचा हेवा वाटायचा. माझ्याकडे एकही नव्हतं.

मग एका हिवाळ्यात काका अचानक गेले. बर्फ काढता काढता छातीत दुखायला लागलं, एवढंच.

त्यांच्या वर्षश्राद्धाला दोन्ही मुलं आली होती. सलील जर्सी सिटीत उंच इमारतीत राहतो, मॅनहॅटनला फायनान्समध्ये आहे. मृणाल टेक्ससमध्ये फ्रिस्कोला, दातांची डॉक्टर. सलील बापाच्या पक्षाचा, मृणाल दुसऱ्या पक्षाची. काका असताना त्यांच्या आवाजाखाली हे सगळं दबून असायचं. त्या दिवशी श्रीखंड वाढेपर्यंत ठीक होतं, मग कोणीतरी टॅक्सवरून काहीतरी बोललं. काकांच्या फोटोसमोर बहीण-भाऊ जे बोलले ते मला लिहवतही नाही. काकू हातात पळी घेऊन म्हणत होत्या, "माझं काही मत नाही, तुम्ही आधी जेवा." मृणाल पानावरून उठली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. दिवाळीला काकू फराळ एकदाच करायच्या आणि दोन डबे दोन पत्त्यांवर पाठवायच्या.

अशात निवडणूक आली. आमच्या राज्यात निवडणूक येते म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. माझी एक मैत्रीण ओहायोत डब्लिनला असते. ती म्हणते, "पूर्वी आमच्याकडे पण अशीच धमाल असायची यार, आता आम्हाला कुत्रं विचारत नाही." जर्सीचा निकाल जर्सीला आधीच माहीत असतो, टेक्ससचा टेक्ससला. आमचं मात्र शेवटपर्यंत तळ्यात-मळ्यात. त्यामुळे टीव्ही लावला की जाहिरात, पत्रपेटी उघडली की चकचकीत पत्रकं, आणि शनिवारी सकाळी दाराशी क्लिपबोर्ड घेतलेली हसतमुख माणसं. मी "सॉरी, आय कान्ट व्होट" म्हटलं की त्यांचं हसू मावळायचं आणि ती समोर काकूंकडे वळायची.

काकू त्यांना आत बसवून पाणी आणि चिवडा देत. अंगणात पाटी लावू का असं विचारलं की, "ओके, ओके." एका सकाळी बघते तर काकूंच्या अंगणात दोन्ही पक्षांच्या पाट्या शेजारी शेजारी. मी धावत गेले. "काकू, हे काय? लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या, "बिचारे एवढ्या लांबून आले होते गं." दोन घरं पलीकडचा म्हातारा रोज कुत्रा फिरवायला निघायचा, तो त्या दोन पाट्यांपुढे थांबून डोकं खाजवायला लागला.

मुलांचे फोन सुरू झाले होते. सलील म्हणायचा, "आई, इथे माझं व्होट वेस्ट जातं. तुझं व्होट म्हणजेच माझं, असं समज." तासाभरानं मृणाल, "आई, इकडे आम्ही कितीही केलं तरी काही होत नाही. तुझ्या एका मताला केवढी व्हॅल्यू आहे, यू हॅव नो आयडिया." काकू दोघांनाही चालेल म्हणायच्या. मीही अधूनमधून काकांची आठवण काढून आपलं घोडं पुढे दामटायची. मलाही चालेल म्हणायच्या.

एक दिवस त्यांनी मला विचारलं, "शुभा, एकाच देशात माझ्या मताला एवढी किंमत आणि मुलांच्या मताला नाही, हे कसं गं?"

मला हुरूप आला. मी खुर्ची ओढून बसले. "समजा काकू, एक मोठी सोसायटी आहे. तिच्यात खूप बिल्डिंगा. चेअरमन निवडायचाय. तर मतदान प्रत्येक बिल्डिंगमध्ये वेगळं. बिल्डिंगमध्ये ज्याला एक जरी मत जास्त पडलं, त्याला अख्ख्या बिल्डिंगची मतं."

"आणि ज्यांनी दुसऱ्याला दिलं, त्यांची?"

"तीही त्यालाच."

"ज्याला नको म्हटलं, त्यालाच?"

"म्हणजे तशी त्याला जात नाहीत, पण धरली जातात. आणि दोन राज्यांत परत वेगळंच असतं, तिथे बिल्डिंगचे पण तुकडे..." इथे मी अडकले. समजावून सांगायला बसलं की ही पद्धत मलाच समजेनाशी होते.

"आमच्या घरासारखंच म्हण की," काकू म्हणाल्या आणि मेथी निवडायला लागल्या. त्यांना काही कळलेलं नाही, असं मी धरून चालले. मी म्हटलं, "जाऊ दे, तुम्ही काकांच्या पक्षाला देऊन मोकळ्या व्हा."

तेव्हा त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "मला अध्यक्ष कुठलाही चालेल गं," त्या म्हणाल्या. "ही दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, ते चालत नाही. मी सलीलचं ऐकलं की मृणाल तुटणार, मृणालचं ऐकलं की सलील. हे गेले, आता मी जाईन, मग ही दोघं कोणाच्या घरी जेवायला एकत्र येणार?" काकूंना काहीतरी चालत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी ती जुडी उचलून निवडू लागले.

मतदानाच्या दिवशी मी त्यांना घेऊन फायर स्टेशनच्या हॉलवर गेले. थंडी होती. काकूंनी इरकली साडी नेसली होती, पायांत स्नीकर्स, आणि वर काकांचं जाडजूड जॅकेट. बाह्या हातांच्या खाली लोंबत होत्या. मला आत काही काम नव्हतं, मी गाडीत बसून राहिले. त्यांच्या नंतर आत गेलेले लोक बाहेर आले, तरी काकूंचा पत्ता नाही. हॉटेलात काकूंना मेनूकार्डालाही वेळ लागत नाही, कारण त्या ते उघडतच नाहीत. मला वाटलं, चक्कर आली की काय.

शेवटी आल्या. डोळे लाल दिसत होते. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "वारा बोचतो गं." मत दिल्यावर देतात तो गोल स्टिकर त्यांनी जॅकेटवरून काढला आणि माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवला. "तुला राहू दे. हौस तुला आहे."

"कोणाला दिलंत?"

"दिलं गं."

घरी पोचायच्या आतच सलीलचा फोन आला. काकू म्हणाल्या, "तू सांगितलंस तसंच केलं हो." मला बरं वाटलं. सिग्नलला मृणालचा आला. "तुझ्या मनासारखं झालं बघ," काकू तिला म्हणाल्या, अगदी त्याच आवाजात. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न वाजवला, तरी मला कळेना की ही बाई भोळी आहे की कसलेली.

निकाल लागला. आमच्या राज्यानं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, इथे त्याचं काम नाही. काम आहे ते त्यानंतरच्या फोनचं. जिंकलेल्या बाजूच्या मुलानं हरलेल्या बाजूच्या बहिणीला मेसेज टाकला, "आईनं पण आम्हालाच दिलं." तिनं ताबडतोब फोन लावला, "शक्यच नाही. तिनं मला स्वतः सांगितलं." एवढ्या दिवसांनी दोघं एकमेकांशी बोलले ते हे, आणि पुढे तासभर आई या विषयावर बोलत राहिले. मग दोघांनी मिळून काकूंना व्हिडिओ कॉल केला. "आई, खरं सांग." काकू म्हणाल्या, "अगं, आवाज तुटतोय," आणि त्यांनी फोन ठेवला.

थँक्सगिव्हिंगला छडा लावायला दोघंही येऊन धडकले. आम्हालाही जेवायला बोलावलं होतं. हिरव्या कार्पेटवर बसून बहीण-भाऊ एका बाजूला झाले होते आणि आई दुसऱ्या. "शी प्लेड अस बोथ," मृणाल सांगत होती आणि सलील हसून हसून डोळे पुसत होता. "बाबा असते तर हे चाललं नसतं. आपल्या घरात दुमत नव्हतं," तो म्हणाला. काकू पुरणपोळीवर तूप वाढत होत्या. त्या दिवशी त्या ज्या हसल्या, तशा हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या वसंतात घर विकलं. काकूंनी सहा महिने जर्सीत आणि सहा महिने टेक्ससमध्ये राहायचं ठरलं, म्हणजे मुलांनी ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी रिकाम्या घरात आम्ही दोघी खोक्यांना टेकून चहा पीत होतो. मी म्हटलं, "काकू, आता तरी सांगा. कोणाला दिलंत?"

"ह्यांचं दिलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काकांच्या पक्षाला. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं कुठलं? हे त्यांचं द्यायचे, मी माझं. इतक्या वर्षांत एकदाही एक झालं नाही."

मी कप खाली ठेवला. "पण काका तर म्हणायचे..."

"म्हणू दे की. आत आडोशाला कोण बघायला येतंय? बाहेर आलं की हे खूश, मीही खूश." मग त्या कार्पेटवरून हात फिरवायला लागल्या. "या वेळी पेन घेतलं, माझ्या उमेदवारापुढचा गोल भरायला गेले आणि हात उचलेना. मनात आलं, ह्यांचं कोण देणार? एवढी वर्षं मी ह्यांचं मत खोडून काढत होते, आणि आता खोडायला ते मतच नाही. मला काही सुचेना गं. रडायलाच आलं. मग ह्यांचं देऊन टाकलं. माझं राहिलं."

मला गलबलून आलं, आणि तरी डोक्यातला गोंधळ काही जाईना. सलीलला सांगितलं तेच खरं निघालं होतं. पण तो पक्ष माझाही. ज्या बाईनं सलीलला सलीलचं सांगितलं आणि मृणालला मृणालचं, तिनं मला माझंच सांगितलं नसेल कशावरून? चेहरा तर तोच होता.

"आता तुम्ही जाताय तिथे तुमच्या मतानं काही फरक पडणार नाही, काकू," मी म्हटलं.

"मग बरंच आहे की. तिथे माझं देईन."

पुढची निवडणूक यायच्या आतच काकू गेल्या. फ्रिस्कोला, झोपेत. सलील त्या आठवड्यात तिथेच होता. दोघा भावंडांनी मिळून मला फोन केला, एक बोलायला लागलं की दुसऱ्याला हुंदका यायचा.

तो स्टिकर माझ्या डॅशबोर्डवर अजून आहे, उन्हानं पांढरा पडलाय. माझाही नंबर कधीतरी लागेल. मी ठरवलंय, पहिलं मत काकूंचं द्यायचं, राहून गेलेलं. त्या मला खरं सांगत असतील तर ते माझ्या मताच्या अगदी उलट आहे. मग माझं राहील. मी यावर पुष्कळ विचार केलाय आणि मला अजून काही कळत नाही. पण चालेल.